ऐंशी अंशांचा हट्ट

पान चार उघडा. चौघांनीही उघडा, कारण अहवालावर सह्या चौघांच्या आहेत. तिथे तुम्ही लिहिलं आहे: जुने गॅस बॉयलर प्रत्येकी ४०० किलोवॉटचे, संख्या दोन, म्हणून नवे हीट पंप ८०० किलोवॉटचे. पाण्याचं तापमान ८० अंश. सीओपी ४. पुढच्या पानावर वार्षिक बचत, त्याच्या पुढच्या पानावर आभार. यात इमारत कुठे आहे?

मँचेस्टरमधली १९७४ सालची सहा मजली कचेरी आहे ती. तीनशे माणसं रोज तिथे काम करतात. जिथे तुम्ही इंटर्नशिप केलीत त्या ऑफिसने तुम्हाला विश्वासाने नकाशे दिले, खिडक्यांची यादी दिली, प्रत्येक खोलीतल्या रेडिएटरची मापं दिली, दोन हिवाळ्यांची गॅस मीटरची रोजची नोंद दिली. एवढं सगळं हातात असताना तुम्ही बॉयलरवरच्या पाट्यांवरचे आकडे उचलले आणि त्यांची बेरीज केली. हा अहवाल मी स्वीकारणार नाही. का स्वीकारणार नाही ते आता ऐका, आणि वह्या काढा.

सीओपी ४, म्हणजे एक युनिट विजेमागे चार युनिट उष्णता, हा आकडा कुठून आणलात? कंपनीच्या माहितीपत्रकातून. त्या आकड्याखाली बारीक अक्षरात काय छापलं आहे ते वाचलंत का? बाहेरची हवा ७ अंश, पाणी ३५ अंश. हा आकडा त्या स्थितीचा आहे. तुमच्या इमारतीसाठी तुम्हीच बाहेरचं तापमान उणे ४ धरलं आहे आणि पाणी ८०. तुम्ही एका प्रश्नाचं उत्तर उचलून दुसऱ्याच प्रश्नाखाली लिहिलंत.

दुसऱ्या वर्षाला कार्नो शिकलात. परीक्षेत सूत्र लिहून गुणही घेतलेत. तेच सूत्र इथे का आठवलं नाही? गरम बाजूचं तापमान केल्विनमध्ये घ्या आणि दोन तापमानांमधल्या फरकाने भागा. ८० अंश म्हणजे ३५३. उणे ४ म्हणजे २६९. फरक ८४. उत्तर येतं ४.२. ज्या यंत्रात घर्षण नाही, गळती नाही, उष्णता एकीकडून दुसरीकडे जायला तापमानात जराही फरक लागत नाही, अशा यंत्राची ही मर्यादा आहे. असं यंत्र कोणी बनवलेलं नाही आणि कोणी बनवणारही नाही. बाजारातलं चांगलं यंत्र या मर्यादेच्या चाळीस ते पन्नास टक्क्यांपर्यंत पोहोचतं. म्हणजे तुम्ही जिथे ४ लिहिलंत तिथे प्रत्यक्षात २ मिळाले तरी पुष्कळ. बरीचशी यंत्रं तर उणे ४ च्या हवेतून एका टप्प्यात ८० अंशांचं पाणी करूच शकत नाहीत. चार होतकरू अभियंत्यांपैकी एकालाही हा भागाकार करावासा वाटला नाही, याचं मला वाईट वाटतं.

हीट पंप उष्णता तयार करत नाही, ती उचलतो. विहिरीतून पाणी ओढताना पाणी जितकं खोल आणि टाकी जितकी उंच, तितकी मेहनत जास्त. इथेही तेच. बाहेरच्या हवेचं तापमान तुमच्या हातात नाही. आतल्या पाण्याचं तापमान मात्र पूर्णपणे तुमच्या हातात आहे, आणि तुम्ही ते विचार न करता ८० ठेवलंत, कारण जुना बॉयलर ८२ ला पाणी पाठवायचा आणि ७१ ला परत घ्यायचा. बॉयलरला त्याने फारसा फरक पडत नव्हता. हजार अंशांच्या वर जळणाऱ्या ज्योतीला पाणी ८० चं काय आणि ५० चं काय. हीट पंपाला प्रत्येक अंश मोजावा लागतो. पाणी एका अंशाने खाली आणलंत की विजेत साधारण दोन टक्के वाचतात. हा एक आकडा या सगळ्या विषयाचा कणा आहे आणि तुमच्या अहवालात त्याला एक ओळही मिळालेली नाही.

आता पैशाचा हिशोब, कारण इमारतीचा मालक तोच आधी वाचेल. ब्रिटनमध्ये विजेचं युनिट गॅसच्या युनिटच्या साधारण चौपट महाग पडतं. गॅसचं युनिट एक रुपया धरा, बॉयलरची कार्यक्षमता ८५ टक्के. उष्णतेचं एक युनिट पडलं १ रुपया १८ पैशांना. विजेचं युनिट चार रुपये, सीओपी २, म्हणजे उष्णतेचं युनिट दोन रुपये. तुमच्या योजनेत मालकाचं बिल पावणेदोन पटीच्या जवळ जाईल, आणि तुम्ही तिथे बचत लिहून मोकळे झालात. बरोबरीला यायला सीओपी किती हवा? ३.४. हा आकडा वहीत मोठ्या अक्षरात लिहा.

आणि आता ऐका, हा आकडा गाठणं किती जुनं काम आहे ते. १९४५ साली इंग्लंडमधल्या नॉर्विच शहरात जॉन समनर नावाच्या अभियंत्याने नगरपालिकेच्या वीज खात्याची इमारत हीट पंपाने गरम केली. युद्धाचे दिवस, नवं सामान मिळत नव्हतं. त्याने जुने, वापरलेले भाग गोळा केले. शीतक म्हणून सल्फर डायऑक्साइड वापरला, जो आज कोणी इमारतीत आणू देणार नाही. उष्णता घेतली शेजारच्या वेन्सम नदीतून. आणि मोजमाप करून त्याने सरासरी सीओपी दाखवला तो ३.४ च्या आसपास. कसा? त्याने पाणी सुमारे ५० अंशांवर ठेवलं, आणि उष्णता घ्यायला नदी निवडली, जी हिवाळ्यात हवेइतकी थंड पडत नाही. त्याच्याकडे संगणक नव्हता, माहितीपत्रक नव्हतं. इमारत मात्र त्याने नीट समजून घेतली होती.

त्याच्याही आधी, १९३८ साली, झुरिकच्या नगरभवनात हीट पंप बसला. सतराव्या शतकातली इमारत, खोल्याखोल्यांत शेगड्या होत्या. स्वित्झर्लंडकडे स्वतःचा फारसा कोळसा नाही, जलविद्युत भरपूर. एशर विस कंपनीने लिमाट नदीतून उष्णता घेऊन ६० अंशांपर्यंत पाणी दिलं. ते यंत्र २००१ पर्यंत चाललं. तेव्हा हे नवीन तंत्रज्ञान आहे, अजून सिद्ध व्हायचं आहे, ही तुमच्या प्रस्तावनेतली दोन्ही वाक्यं खोडा. केल्विनने १८५२ साली या कल्पनेवर जो निबंध लिहिला, त्याच्या शीर्षकातच इमारती गरम आणि थंड करण्याचा उल्लेख आहे. ही कल्पना इमारतीसाठीच जन्माला आली.

आता त्या ८०० किलोवॉटकडे येऊ. दोन बॉयलरपैकी एक राखीव होता. बॉयलर रूमच्या नकाशावर तसं लिहिलेलं आहे, तुमच्याच परिशिष्टात तो नकाशा जोडलेला आहे. तुम्ही राखीव यंत्र हीट लोडमध्ये, म्हणजे इमारतीच्या उष्णतेच्या गरजेत, धरलंत. आणि उरलेला एक तरी ४०० चा का होता? कारण त्या काळात गॅस स्वस्त होता आणि मोठा बॉयलर घेतला म्हणून कोणाची नोकरी जात नव्हती. लहान पडला असता तर गेली असती. पाटीवरचा आकडा पन्नास वर्षांपूर्वीच्या कुणाच्या तरी भीतीचा आकडा आहे. इमारतीची खरी गरज तुम्हाला गॅसचं मीटर सांगतं.

मीटरची नोंद काढा. सर्वात थंड दिवशी इमारतीने ३,९०० युनिट गॅस घेतला. त्यातली ८५ टक्के उष्णता पाण्यात गेली, म्हणजे ३,३१५. बॉयलर बारा तास चालला. भागा. २७६ किलोवॉट. त्या दिवशी बाहेर उणे २ होतं, म्हणून उणे ४ साठी थोडं वाढवा. ३०० किलोवॉट. हे काम दहा मिनिटांचं आहे. या दहा मिनिटांच्या आळसाने तुम्ही मालकाला गरजेच्या अडीच पटीहून मोठी यंत्रं घ्यायला लावत होतात, आणि ती यंत्रं छतावर उभी करायला पोलादी सांगाडा, आणि ती चालवायला नवा ट्रान्सफॉर्मर. त्या इमारतीत विजेची फक्त दीडशे किलोवॉट क्षमता शिल्लक आहे. हेही तुमच्या परिशिष्टात आहे. ८०० किलोवॉट उष्णतेला, सीओपी २ ने, ४०० किलोवॉट वीज लागते. ती कुठून येणार होती?

आणि ३०० वरही थांबायचं नाही. खिडक्या बघा. नऊशे चौरस मीटर एकेरी काच आहे. यू-मूल्य, म्हणजे एका चौरस मीटरमधून दर अंश फरकाला जाणारे वॉट, ५.६. आत २१, बाहेर उणे ४, फरक २५. गुणाकार करा: १२६ किलोवॉट केवळ काचेतून बाहेर जातात. चांगली दुहेरी काच बसवली की यू-मूल्य १.४, आणि तोच आकडा ३२ च्या खाली येतो. मग ताजी हवा. तीनशे माणसांना, माणशी सेकंदाला दहा लिटर, म्हणजे सेकंदाला तीन घनमीटर हवा उणे ४ वरून २१ वर आणायची. ९० किलोवॉट. बाहेर जाणाऱ्या उबदार हवेतली तीन चतुर्थांश उष्णता आत येणाऱ्या हवेला परत देता येते, त्याची यंत्रं वर्षानुवर्षं मिळतात. ९० चे २३ झाले. आता बेरीज-वजाबाकी करा. ३०० मधून ९५ गेले, आणखी ६७ गेले. १४० च्या आसपास राहिले.

आठशेवरून एकशे चाळीसवर आलो, आणि अजून आपण हीट पंप निवडलेलाच नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की हीट पंप हा या कामातला शेवटचा निर्णय आहे आणि तुम्ही तो पहिला घेतलात. काच बदलायचा खर्च मोठा असतो, मालक कदाचित नाही म्हणेल. तो नाही म्हणू दे. पण त्याच्यासमोर हे आकडे ठेवणं तुमचं काम आहे, आणि ते न ठेवता तुम्ही त्याच्या वतीने निर्णय घेऊन टाकलात.

रेडिएटरकडे या. मला माहीत आहे की ८० अंशांचा हट्ट तुम्ही मुख्यतः यांच्यासाठी धरलात. पाणी थंड केलं तर खोली गरम होणार नाही, ही शंका रास्त आहे. पण शंका आली की मोजायचं असतं, घाबरून जुनाच आकडा ठेवायचा नसतो. रेडिएटरची उष्णता पाण्याच्या सरासरी तापमानातल्या आणि खोलीच्या तापमानातल्या फरकाच्या १.३ व्या घाताने बदलते. जुना फरक ५५.५ अंशांचा. पाणी ५५ ला पाठवून ४५ ला परत घेतलं तर फरक २९ चा. गुणोत्तर काढा, घात लावा. मूळ क्षमतेच्या ४३ टक्के मिळतात. ताज्या हवेचा भाग वगळला तर काच बदलल्यावर रेडिएटरांना पेलायचा लोड जुन्याच्या ५५ टक्क्यांवर येतो. आणि त्या काळी रेडिएटरही गरजेपेक्षा मोठेच बसवायचे. म्हणजे बहुतेक खोल्या काठावर बसतात. वायव्येच्या कोपऱ्यातल्या, वरच्या मजल्यावरच्या, दोन बाहेरच्या भिंती असलेल्या खोल्या बसणार नाहीत. तिथे मोठे रेडिएटर लावायचे. किती खोल्या? तुमच्याकडे यादी आहे. एकेक खोली तपासा. सगळ्या इमारतीचं पाणी ८० अंशांवर ठेवायचं ते दहा-बारा कोपऱ्यांसाठी, हा विचार मी कधीच मान्य करणार नाही.

५५ अंशांना, उणे ४ मध्ये, सीओपी साधारण अडीच. १४० भागिले अडीच, ५६ किलोवॉट वीज. शिल्लक दीडशेत आरामात बसते, नवा ट्रान्सफॉर्मर नको. आणि उणे ४ हे वर्षातले मोजके तास. मँचेस्टरचा हिवाळा बहुतेक काळ ५ ते ८ अंशांत जातो. बाहेर ७ असताना इमारतीला ५५ चं पाणी लागतच नाही, ४० चं पुरतं, आणि तिथे सीओपी ४ च्या वर जातो. बाहेरचं तापमान पाहून पाणी आपोआप खाली आणणारी नियंत्रणव्यवस्था लावा. हंगामाची सरासरी मग समनरच्या आकड्यापर्यंत जाते, आणि बिल गॅसच्या बरोबरीला येतं. त्या इमारतीतून आज वर्षाला पाच लाख युनिट गॅस जळतो, सुमारे ९० टन कार्बन डायऑक्साइड. तो थांबतो.

तुम्ही ८० अंशांचं आणखी एक कारण दिलं आहे, गरम पाण्याचे नळ. कचेरीत लोक हात धुतात. तिथे पाणी साठवायचंच असेल तर लीजिओनेला जिवाणूमुळे टाकी ६० अंशांवर ठेवावी लागते, हे बरोबर. मग त्या छोट्या टाकीला वेगळं छोटं यंत्र द्या. हॉटेल किंवा रुग्णालय असतं तर गोष्ट निराळी. आंघोळी, धुलाई, स्वयंपाकघर, तिथे गरम पाणी हाच मोठा लोड असतो, आणि थंड पाणी एका फेरीत वर नेणारी कार्बन डायऑक्साइडवर चालणारी यंत्रं तिथे उत्तम चालतात. तुम्ही रुग्णालयाच्या अहवालातला परिच्छेद कचेरीला चिकटवला आहे. मला तो ओळखू आला.

मोठं यंत्र घेतलं तर काय बिघडलं, असं तुमच्यातल्या एकाने तोंडी परीक्षेत विचारलं. तर ऐका. १९५१ साली लंडनमध्ये टेम्सच्या काठी रॉयल फेस्टिव्हल हॉल उघडला. नदीतून उष्णता घेणारा हीट पंप त्याला बसवला होता, लढाऊ विमानांच्या रोल्स-रॉइस मर्लिन इंजिनांचा आधार घेऊन बनवलेला. यंत्र म्हणून ते चाललं. पण सभागृहाच्या गरजेपेक्षा ते फार मोठं निघालं. इमारतीचा अंदाज चुकला होता. सभागृह ज्या महोत्सवासाठी बांधलं होतं तो संपल्यावर ते यंत्र विकून टाकलं. इतक्या हुशार माणसांची इतकी मेहनत एका चुकलेल्या हीट लोडमुळे वाया गेली. ऑक्टोबरमध्ये तुमच्या कचेरीला ३० किलोवॉट लागतील. ८०० चं यंत्र सुरू होईल, दोन मिनिटांत पाणी तापेल, बंद पडेल, पुन्हा सुरू होईल. दिवसभर तेच. कंप्रेसर अशानेच मरतात.

आता एक गोष्ट तुम्ही पुण्यात वाढलात म्हणून तुमच्या लक्षात आली नाही, आणि म्हणूनच जास्त काळजी घ्यायला हवी होती. तुम्ही एसी पाहिले आहेत ते मे महिन्यातले. बाहेरच्या कॉइलवर बर्फ धरलेला तुम्ही पाहिलेला नाही. मँचेस्टरची हवा ओली आहे. बाहेर २ अंश, पाऊस, आणि कॉइल उणे ५ वर. हवेतलं बाष्प कॉइलवर गोठतं, पंखांमधल्या फटी बुजतात. मग यंत्र उलटं फिरतं आणि इमारतीच्याच पाण्यातली उष्णता घेऊन तो बर्फ वितळवतं. त्या काही मिनिटांत ते उष्णता देत नाही, घेतं. म्हणून कोरड्या कडाक्यापेक्षा शून्याच्या आसपासची ओली हवा जास्त त्रास देते. डिफ्रॉस्ट धरून यंत्र किती देतं याचा तक्ता वेगळा असतो, तो मागवायचा. त्या वेळी पाणी थंड पडू नये म्हणून बफर टाकी लागते. वितळलेलं पाणी वाहून न्यायला निचरा लागतो, नाहीतर ते छतावर गोठतं आणि देखभालीला आलेला माणूस घसरून पडतो. तुमच्या नकाशात बफर टाकी नाही, निचरा नाही. न पाहिलेल्या हवेसाठी काम करताना तिथल्या हवामानाची नोंद वाचायची असते. ती फुकट मिळते.

आणि हे छताचं चित्र बघा. डावीकडे तुमचे हीट पंप. उजवीकडे सर्व्हर रूमचे जुने एसी, आहेत तसे ठेवलेले. सर्व्हर रूम बाराही महिने वीस किलोवॉट उष्णता बाहेर टाकते. जानेवारीत ती उष्णता एका यंत्राने आकाशात सोडायची आणि दहा फुटांवर दुसऱ्या यंत्राने थंड हवेतून उष्णता गोळा करायची. हे तुमच्या डोळ्यांसमोर कागदावर होतं. त्या वीस किलोवॉटचं पाणी हीट पंपाच्या थंड बाजूला जोडलंत तर त्याला उणे ४ ऐवजी पंधरा अंशांपासून उचलायला मिळतं. स्टॉकहोमच्या मध्यवर्ती रेल्वे स्थानकात प्रवाशांच्या अंगाची ऊब पकडून शेजारच्या कुंग्सब्रोहुसेट या कार्यालयाच्या इमारतीला देतात. मोठ्या इमारतींना घरांपेक्षा हा फायदा आहे, त्यांच्या पोटात उष्णता असते. ती शोधणं हे तुमचं काम होतं.

शीतक आर-४१०ए निवडलंत, त्याचा तापमानवाढीचा गुणांक २०८८. प्रोपेनचा ३. प्रोपेन पेटतो, म्हणून यंत्र उघड्या छतावर आणि हवा घेण्याच्या झडपांपासून दूर ठेवायचं. एवढा विचार करून मग निवडा.

मला राग का आला ते सांगते. या अहवालावरून उद्या खरंच कोणी यंत्र बसवलं, तर जानेवारीच्या एका सोमवारी तीनशे माणसं अंगात कोट घालून कामाला बसतील. बिल आलं की मालक म्हणेल, हीट पंप चालत नाही. तो हे शेजारच्या मालकाला सांगेल, आणि दोघे मिळून पुन्हा गॅस बॉयलर बसवतील, पुढच्या वीस वर्षांसाठी. चांगलं यंत्र बदनाम होईल, आणि दोष यंत्राचा नसेल. तुम्ही पुण्यात बसून काम केलंत, तुम्हाला ती माणसं कधी दिसणार नाहीत. म्हणूनच तुमच्या कागदावर माझा भरवसा बसला पाहिजे.

तुमच्यात क्षमता नाही म्हणून मी बोलत नाहीये. तिसऱ्या वर्षाचा तुमचा कंप्रेसरवरचा प्रयोग मी अजून नव्या मुलांना दाखवते. म्हणून हे काम मला लागलं.

पुढच्या गुरुवारी नवा अहवाल हवा. चौघांनी कामं वाटून घ्यायची नाहीत, हीट लोड प्रत्येकाने स्वतः हाताने काढायचा आणि चार आकडे जुळवून बघायचे. मीटरवरून एकदा, भिंती-काच-हवेवरून एकदा. दोन्हींत दहा टक्क्यांहून जास्त फरक आला तर का आला ते लिहायचं. रेडिएटरची खोलीवार यादी, ५५ ला किती बसतात, ५० ला किती. सीओपी एकच आकडा नको, बाहेरच्या प्रत्येक पाच अंशांना वेगळा. सकाळी सहाला सुरू करून आठला खोली गरम, ही बॉयलरची सवय हीट पंपाला लावू नका. पहाटे लवकर सुरू करून हळूहळू चालवा आणि पहाटेच्या शांततेत पंख्यांचा आवाज शेजारच्या घरांपर्यंत किती पोहोचतो तेही काढा. जुना बॉयलर मोजक्या थंड तासांसाठी ठेवायचा असेल तर ठेवा, मला आक्षेप नाही, पण त्याचं गरम पाणी हीट पंपाच्या परतीच्या नळीत शिरणार नाही अशी जोडणी काढा, नाहीतर हीट पंप तापून बंद पडेल आणि बॉयलरच एकटा इमारत चालवेल. आणि आज घरी जाण्याआधी ऑफिसला ई-मेल करून गेल्या वर्षीचा विजेचा अर्ध्या-अर्ध्या तासाचा लोड मागवा. तो तुम्ही अजून मागितलेलाच नाही.